उसन्या आसाची गाडी

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

बैलगाडीचा आस मोडला तर लोहाराकडे जाऊन दुसरा घालून घ्यायचा, यात आपल्याकडे कुणाला काही विशेष वाटत नाही. शेजाऱ्याच्या मोडीत काढलेल्या गाडीचा आस आपल्या गाडीला बसला तर उलट चार पैसे वाचल्याचा आनंदच होतो. कारण त्या आसाला काम एकच असतं, भार पेलायचं. ओढायचं काम बैलांचं आणि वळवायचं कामही बैलांचंच. जीपसारख्या गाडीच्या पुढच्या आसाला मात्र तीन कामं असतात. त्याने भार पेलायचा, इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोचवायची आणि वर तीच चाकं डावी-उजवीकडे वळूही द्यायची. हे तिसरं काम सगळ्यात अवघड. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचा इतिहास म्हणजे बराचसा या तिसऱ्या कामाचा इतिहास आहे.

मी बरीच वर्षं तंत्रनिकेतनात मोटारगाड्यांचा विषय शिकवला. वर्गात दर वर्षी एक तरी मुलगा असा निघायचा, की घरी काकांची किंवा आजोबांची जुनी जीप आहे आणि तिला दुसऱ्या, दणकट गाडीचा पुढचा आस बसवायचं त्याच्या डोक्यात आहे. प्रश्न ठरलेला असायचा, “सर, कुठल्या गाडीचा ॲक्सल बसेल?” माझं उत्तरही ठरलेलं असायचं, “अरे, कुठलाही बसेल. वेल्डिंग करणारा चांगला असला की झालं. पण बसवल्यावर गाडी सरळ चालेल का, ते विचार.” मुलगा हिरमुसायचा. त्याला वाटायचं, सर जुन्या वळणाचे आहेत, त्यांना असले उद्योग आवडत नाहीत. खरं तर चार चाकं ओढणाऱ्या गाड्यांची सगळी वंशावळ अशाच उद्योगांतून निघालेली आहे आणि आज तेच सांगायचं आहे.

अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात क्लिंटनव्हिल नावाचं लहानसं गाव आहे. तिथे ऑटो झाकॉ आणि विल्यम बेसरडिक या दोघा मेहुण्यांचं यंत्रदुरुस्तीचं दुकान होतं. मागची चाकं ढकलतात आणि पुढची नुसती फरफटत जातात, मग चिखलात गाडी रुतणारच, हे त्यांनी हेरलं. पुढच्या चाकांनाही ताकद द्यायची तर वळलेल्या चाकातही फिरणारा दांडा पोचला पाहिजे. त्यासाठी झाकॉने गोळ्याच्या आत बसणारा सांधा तयार केला आणि १९०८ साली त्याचं पेटंट मिळवलं. त्यातून उभ्या राहिलेल्या कंपनीचे ट्रक पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात धावले.

त्या सांध्यात एक खोड होती. साधा युनिव्हर्सल जॉइंट वाकलेल्या अवस्थेत फिरवला, तर पलीकडचा दांडा एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा घाई करतो आणि दोनदा रेंगाळतो. मागच्या दांड्यात हे खपून जातं, पण वळलेल्या पुढच्या चाकात तोच हिसका थेट स्टिअरिंगवर आणि चालवणाऱ्याच्या मनगटात येतो. १९२०च्या दशकात कार्ल वाइस आणि आल्फ्रेड झेप्पा यांनी आपापल्या पद्धतीने पोलादी गोळ्या वापरून एकसारख्या वेगाने फिरणारे सांधे बनवले. दुसऱ्या महायुद्धातल्या जीपमध्ये हे दोन्ही प्रकार वापरले गेले. पुढचा आस खऱ्या अर्थाने वापरण्याजोगा झाला तो या सांध्यांमुळे.

आता आसाच्या अदलाबदलीकडे येऊ. आर्थर हेरिंग्टन नावाचा एक अभियंता होता. त्याने १९३१ साली इंडियानापोलिसला वॉल्टर मार्मन याच्याबरोबर मार्मन-हेरिंग्टन कंपनी काढली. नवा ट्रक पहिल्यापासून बनवायचा तर भांडवल फार लागतं. १९३५पासून त्यांनी सोपी वाट धरली. फोर्डचा तयार ट्रक घ्यायचा, त्याचा पुढचा मुका आस काढून टाकायचा, ताकद घेणारा आस खाली बसवायचा, मध्ये ट्रान्स्फर गिअरबॉक्स घालायचा आणि गिऱ्हाइकाला द्यायचा. कारखान्याने केलेली ही आसाची अदलाबदलच म्हणायची. १९५९ साली फोर्डने स्वतःच चार चाकं ओढणारे पिकअप बनवायला घेतले, तोवर फोर्डच्या अशा ट्रकांचं काम मार्मन-हेरिंग्टनकडेच होतं.

या हेरिंग्टनचा आपल्याशी एक धागा आहे. १९४२ साली, क्रिप्स शिष्टाई फसली त्याच सुमारास, भारतातलं युद्धोत्पादन कसं वाढवता येईल हे पाहायला अमेरिकेने एक तांत्रिक शिष्टमंडळ धाडलं. हेन्री ग्रेडी त्याचे प्रमुख होते आणि त्या चार-पाच जणांत आर्थर हेरिंग्टन होता. आपल्याकडच्या इतिहासाच्या पुस्तकांत ग्रेडींच्या शिष्टमंडळाचा उल्लेख येतो, पण त्यातला एक जण फोर्डच्या ट्रकांना उसने आस बसवणारा होता, हे कुणी सांगत नाही.

आणि खुद्द जीप? तिचीही गोष्ट तीच. ११ जुलै १९४० रोजी अमेरिकी लष्कराने १३५ कंपन्यांना विचारणा केली. हलकी, चार चाकं ओढणारी टेहळणीची गाडी हवी होती आणि पहिला नमुना ४९ दिवसांत. पेनसिल्व्हेनियातली डबघाईला आलेली अमेरिकन बँटम कंपनी पुढे आली. तिने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला बोलावलं आणि त्याने दोन दिवसांत आराखडे काढले. पण आस कुठून आणायचे? एवढ्या दिवसांत नवा आस घडवणं अशक्यच. तेव्हा टोलेडोच्या स्पायसर कंपनीने स्टुडबेकर चॅम्पियन या प्रवासी मोटारीच्या आसात फेरफार करून बँटमला आस दिले. २३ सप्टेंबर १९४० रोजी दुपारी साडेचारच्या सुमारास, मुदत संपायला अर्धा तास असताना, ती गाडी मेरिलँडमधल्या होलाबर्डच्या लष्करी तळावर पोचली. जगातली पहिली जीप ही अशी, एका घरगुती मोटारीच्या आसावर उभी राहिलेली होती. पुढे १९४७ साली इंग्लंडात लँड रोव्हरचा पहिला नमुना तयार झाला, तो जीपच्या चासीवर आणि जीपच्याच आसांवर. म्हणजे दुसरं घराणंही पहिल्याच्या उसनवारीवर सुरू झालं.

इथे कुणी विचारेल, की एवढं सोपं होतं, तर मग मी त्या मुलांना का हिरमुसवत होतो? याचं उत्तर आसात नाही, आस ज्याने धरलेला असतो त्यात आहे.

या सगळ्या जुन्या गाड्यांना पाटे होते. बैलगाडीच्या नाही, पण टांग्याच्या काळापासून आपल्या ओळखीचे असलेले कमानदार पाटे. पाटा दिसायला अडाणी, पण तो एकटा तीन माणसांचं काम करतो. गाडीचा भार उचलतो, आसाला पुढे-मागे सरकू देत नाही आणि डावी-उजवीकडेही पळू देत नाही. त्यामुळे दुसरा आस बसवायचा म्हणजे आसावर पाट्यासाठी बैठक वेल्ड करायची, यू-बोल्ट आवळायचे आणि स्टिअरिंगची दांडी जुळवून घ्यायची. १९५०च्या दशकात मिनियापोलिसची नॅपको कंपनी शेवर्ले आणि जीएमसीच्या पिकअपसाठी पुढच्या आसाचा अख्खा संच विकत असे. हे शक्य झालं ते पाट्यांच्या जिवावर. पुढे जीएमसीने १९५६ साली आणि शेवर्लेने १९५७ साली तो संच कारखान्यातच बसवून द्यायला सुरुवात केली.

पाट्याने हे सगळं फुकट दिलं नाही. तो कडक असतो, हाडं खिळखिळी करतो. जुन्या जीपमधून घाट उतरलेल्या माणसाला हे सांगायला नको.

गुंडाळीच्या स्प्रिंगने, म्हणजे कॉइलने, हा कडकपणा घालवला आणि नवी डोकेदुखी आणली. कॉइल फक्त भार उचलते. आसाला धरून ठेवणं तिला जमत नाही. तो पुढे पळतो की मागे, तिरका होतो की गडगडतो, याची तिला फिकीर नाही. म्हणून आसाला धरायला वेगळे हात लागतात. फोर्डने १९६६च्या ब्राँकोला पुढे कॉइल दिली, तेव्हा आसाला मागून धरणारे दोन लांब हात आणि आडवी एक दांडी दिली. १९७० साली रेंज रोव्हरने पुढे आणि मागे दोन्हीकडे अखंड आसांवर लांब कॉइल बसवल्या आणि खडकांवरून जाणारी गाडी रस्त्यावरही माणसात बसण्याजोगी असू शकते, हे दाखवलं. १९८४च्या जीप चेरोकीला पुढे चार हात आणि एक आडवी दांडी आली. माझ्या मते लढाईनंतरच्या काळातला या गाड्यांमधला सगळ्यात मोठा बदल हाच. इंजिनांचं कौतुक फार होतं, या हातांचं कुणी करत नाही.

हे हात किती लांब, कुठे जोडलेले आणि किती तिरके, यावर गाडी सरळ चालणार की नाही ते ठरतं. यातल्या दोन गोष्टी समजून घेण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट सायकलवर पाहता येते. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो, वरच्या बाजूने मागे झुकलेला असतो. त्यामुळेच हात सोडले तरी सायकल काही अंतर सरळ जाते. मोटारीतही चाक ज्या खुंटीवर वळतं ती वरून थोडी मागे झुकलेली असते. याला कॅस्टर म्हणतात. जुन्या विलिस जीपमध्ये तो तीन अंश होता. कॉइलवाल्या १९९७च्या रँग्लरमध्ये सात अंशांच्या आसपास. हौशी माणूस गाडी चार इंच उचलतो, हात तेवढेच आखूड राहतात, आस वर्तुळात फिरून पुढे गडगडतो आणि हा कोन कमी होतो. मग वळण घेतल्यावर स्टिअरिंग आपणहून परत येत नाही आणि गाडी रस्ताभर भटकते.

यावर उपाय काय? आस मागे वळवून कोन परत आणायचा. पण त्याच आसाच्या मधल्या गोळ्यातून ताकद आणणारा दांडा येतो. आस मागे वळवला, की त्या दांड्याचं तोंड जमिनीकडे जातं आणि वरचा सांधा जास्त वाकून झिजतो. दांड्याला सुख द्यावं तर स्टिअरिंग रडतं, स्टिअरिंगला सुख द्यावं तर दांडा रडतो. पाट्याच्या गाडीत मेस्त्री पाटा आणि आस यांच्यामध्ये पाचर मारतात, पण पाचरही एकाचं घेऊन दुसऱ्याला देते. खरा इलाज मेहनतीचा आहे. आसाच्या नळीच्या टोकाला, चाक ज्यावर वळतं तो इंग्रजी सी अक्षरासारखा भाग वेल्ड केलेला असतो. ते वेल्ड कापायचं, तो भाग नेमके अंश मोजून फिरवायचा आणि परत वेल्ड करायचं. दोन्ही टोकांना अर्ध्या अंशाचाही फरक पडला तर गाडी एका बाजूला ओढते.

दुसरी गोष्ट आडव्या दांडीची. तिचं एक टोक चासीला, दुसरं आसाला. गाडी खालीवर झाली, की आसाकडचं टोक दाराच्या फळीसारखं कमानीत फिरतं. स्टिअरिंगची ओढदांडीही तशीच कमानीत फिरते. दोन्ही दांड्या समांतर आणि जवळपास सारख्या लांबीच्या असतील, तर दोन्ही कमानी जुळतात. नसतील, तर प्रत्येक खड्ड्यात चाकं आपणहून वळतात, तुम्ही स्टिअरिंग कितीही घट्ट धरा.

आता या इतिहासातलं उलटं वळण. कारखान्यांना हळूहळू अखंड आस नकोसा झाला. तो जड असतो, एका चाकाचा धक्का दुसऱ्याला देतो. म्हणून दोन्ही चाकं स्वतंत्र टांगायची पद्धत आली. टोयोटाच्या चार चाकं ओढणाऱ्या पिकअपला अमेरिकेत १९७९पासून १९८५पर्यंत पुढे अखंड आस होता. १९८६च्या गाडीपासून तो गेला. रस्त्यावर गाडी सुधारली, यात शंका नाही. पण खडकांवर जाणाऱ्यांना ते रुचलं नाही. अखंड आसाचं एक चाक दगडावर चढलं, की दुसरं आपोआप खाली दाबलं जातं आणि जमीन सोडत नाही. शिवाय मधल्या गोळ्याखालची मोकळी जागा बदलत नाही. कॅलिफोर्नियात १९५३ साली जॉर्जटाउनहून रुबिकॉनच्या खडकाळ वाटेने ५५ जीपमधून १५५ माणसं गेली होती, तेव्हापासून त्या वाटेवरची मंडळी अशा आसांवरच वाढलेली.

मग लोकांनी काय केलं? १९८५पर्यंतच्या मोडीतल्या टोयोटांचे आस विकत घेतले आणि नव्या गाड्यांची स्वतंत्र टांगणी गॅस कटरने कापून तिथे बसवले. कारखान्याने पुढे टाकलेलं पाऊल घरच्या शेडमध्ये मागे घेतलं. ज्यांना फार मोठी चाकं हवी होती, त्यांनी फोर्डच्या १९७८-७९च्या एक टनी पिकअपचा पुढचा आस शोधायला सुरुवात केली. त्यातही मेख होती. त्या आसाचा गोळा डाव्या बाजूला. ज्या गाडीच्या ट्रान्स्फर गिअरबॉक्समधून पुढची ताकद उजवीकडून निघते, तिला तो जुळतच नाही. मग गिअरबॉक्स बदला. एकदा हात घातला, की एका आसापाठोपाठ अर्धी गाडी बदलत जाते.

आपल्याकडे ही कहाणी वेगळ्या क्रमाने घडली. स्वातंत्र्यानंतर लगेचच महिंद्रने मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली आणि तिचा पाट्यांवरचा अखंड आस इथे अनेक दशकं टिकला. १९८५ साली आलेल्या जिप्सीलाही पाटेच होते. पाटे आसाच्या खालून जात होते, ते वरून बसवले की गाडी चार-पाच इंच उंच, ही युक्ती आपल्या मेस्त्रींना सहज जमली. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला जुने भाग हिंडून गोळा करायचे, बैठका नव्याने वेल्ड करायच्या, झालं. २०१० साली थार आली, तिला मात्र पुढे स्वतंत्र टांगणी होती. त्यानंतर इथल्या काही हौशींनीही अमेरिकेतल्यांसारखंच केलं. टांगणी काढली आणि जुन्या जीपचा आस खाली घेतला. २०१४ साली गोव्यात भर पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही स्पर्धा सुरू झाली, तिथे चिखलात अशा घडवलेल्या गाड्या पाहायला मिळाल्या. त्यांतलं काही काम खरोखर पाहत राहावं असं होतं.

सगळंच तसं नसतं. माझ्या एका माजी विद्यार्थ्याने अशीच घडवून घेतलेली जीप मला भोरच्या रस्त्यावर फिरवायला नेली. ती कुठे बनवली ते सांगत नाही. ताशी पन्नासच्या आसपास वेग, डावं चाक एका खड्ड्याच्या काठावर आपटलं आणि पुढची दोन्ही चाकं थरथरू लागली. थरथर वाढत गेली, स्टिअरिंग हातातून सुटू पाहायला लागलं, टपावरची पेटी खडखडू लागली. समोरून एसटी येत होती. विद्यार्थी हुशार, त्याने घाबरून जोरात ब्रेक दाबला नाही, वेग हळूहळू उतरवला तेव्हा ते थांबलं. खाली वाकून पाहिलं, तर आडव्या दांडीचा चासीवरचा कान पातळ पत्र्याचा आणि त्यातलं बोल्टचं भोक झिजून लांबट झालेलं. आस दांड्याच्या सोयीने वळवलेला, त्यामुळे कॅस्टर जवळपास शून्य. वेल्डिंग वरून चकाचक रंगवलेलं होतं. इंग्रजीत या थरथरीला ‘डेथ वॉबल’ म्हणतात आणि ते नाव मला अतिशयोक्तीचं वाटत नाही. त्या एसटीतल्या पन्नास जणांना कॅस्टर म्हणजे काय हे ठाऊक असण्याचं काहीच कारण नव्हतं.

त्या दिवशी मी विद्यार्थ्याला एवढंच सांगितलं, की जाड पोलादाचा नवा कान, आसाची टोकं कापून फिरवणं आणि दोन्ही दांड्या समांतर, हे झाल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नकोस. त्याने चार महिने घेतले. सपाट फरशीवर गाडी उभी करून, चासीपासून ओळंबे सोडून, कोनमापक लावून त्याने एकेक माप वहीत लिहिलं. चासीवरच्या जोडकामाला त्याने आधी नुसते वेल्डचे टाके घातले, गाडी पूर्ण खालीवर करून कुठे काही घासत नाही ना हे बघितलं आणि मगच पक्कं वेल्डिंग केलं. बँटमच्या ४९ दिवसांपेक्षा जास्त काळ लागला, पण नंतर ती जीप सत्तरच्या वेगाने हात हलके ठेवून चालत होती.

दरम्यान कायदाही बदलला. मोटार वाहन कायद्याचं ५२वं कलम गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करतं. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ कडकपणे लावला. उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल केलेली गाडी रस्त्यावर चालू शकत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगीबाहेरच्या प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंतची कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. सरसकट असा नियम मला पूर्ण पटत नाही. झिजलेलं भोक आणि मोजून केलेलं काम यांत तो फरक करत नाही. पण भोरच्या रस्त्यावरची ती एसटी आठवली, की मी त्याविरुद्ध फार जोरात बोलूही शकत नाही. विद्यार्थ्याने तोच मार्ग काढला, जो अशा गाड्या बाळगणारे अनेक जण काढतात. त्याची जीप शेतावर चालते आणि शर्यतीला जायचं झालं तर ट्रकच्या पाठीवर बसून जाते.